जगातलं सर्वांत लहान बंदर

छापखान्यात त्याला कोशबुवा म्हणत. तोंडावर म्हणत आणि त्याला ते आवडायचं. पाठीमागे जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. काम मुद्रितशोधकाचं, म्हणजे छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका लाल शाईने पकडायच्या. दुसऱ्याच्या चुका शोधायचाच पगार मिळू लागला की काही माणसं वरमतात, कारण आपणही कुठे चुकतो ते त्यांना रोज दिसतं. काही मात्र चेकाळतात. हा चेकाळलेल्यांपैकी.

त्याचं टेबल पहिल्या मजल्यावर, छपाईयंत्रांच्या बरोब्बर डोक्यावर. यंत्रं चालू झाली की टेबल थरथरायचं, पेल्यातलं पाणी थरथरायचं, याचा हात मात्र ढिम्म. डोक्यात साऱ्या जगाची अडगळ. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. सिनेमाच्या पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. टपालाच्या तिकिटावर स्वतःच्या देशाचं नाव न छापणारा देश म्हणजे ब्रिटन. आता यात वाईट काहीच नाही. कोणी काड्यापेट्या गोळा करतं, कोणी माहिती गोळा करतं. पण कोशबुवा माहिती सांगायचा नाही, विचारायचा. सांगणाऱ्याला लोक एक वेळ सहन करतात हो, विचारणाऱ्याला किती दिवस करणार?

बांधणी खात्यातली एक बाई, कोपरापर्यंत हात खळीने माखलेले, त्याच्या टेबलावरचे कागद न्यायला यायची. हा तिला अडवून विचारायचा, जिराफाच्या मानेत हाडं किती? ती बिचारी कधी वीस म्हणायची, कधी पन्नास. मग हा चष्मा कपाळावर चढवून म्हणायचा, सात, तुझ्या मानेत आहेत तेवढीच, फक्त त्याला मान वर करता येते. आजूबाजूचे हसायचे, कारण जो हसणार नाही त्याचा नंबर पुढचा.

मालक हुशार. त्याने ही खोड कामाला लावली आणि कोशबुवाकडून सामान्यज्ञानाचं एक पुस्तक लिहून घेतलं. भूगोल, विज्ञान, प्रवास, सिनेमा, खेळ, सगळं प्रश्नोत्तरांत. नोकरीच्या परीक्षांना बसणारी पोरं ते घोकू लागली आणि अठरा वर्षांत त्याच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. कव्हर पिवळं होतं म्हणून सगळे त्याला पिवळं पुस्तकच म्हणत. मागच्या बाजूला कोशबुवाचा फोटो, चष्म्यासकट.

असल्या पुस्तकांची एक पंचाईत असते. शुक्राचा दिवस काही कोणाच्या बापाचा नाही. ती माहिती उद्या दुसऱ्याने छापली तर ती याच्याकडून उचलली हे कसं सिद्ध करणार? म्हणून या धंद्यात एक जुनी रीत आहे. हजार खऱ्या गोष्टींत एक खोटी मिसळून द्यायची, दिसायला अगदी खरी. ती दुसऱ्याच्या पुस्तकात सापडली की चोर पकडला. छापखान्यात तिला खडा म्हणत, भातातला असतो तसला. खडा कुठला आहे ते दोघांनाच माहीत, मालकाला आणि लिहिणाऱ्याला.

पिवळ्या पुस्तकातला खडा असा होता. प्रश्न: जगातलं सर्वांत लहान बंदर कोणतं? उत्तर: ओस्ताला. तिथे एका वेळी एकच होडी लागू शकते. हे ओस्ताला आलं कुठून म्हणाल, तर टेबलाखाली यंत्राच्या तेलाचा रिकामा डबा पडला होता आणि त्यावरची अर्धी अक्षरं झिजली होती. उरलेली जुळवून याने बंदर बांधलं. वर्षभरात पहिला चोर सापडला, मालकाने फोनवर त्याची अशी काही हजेरी घेतली की त्याने पुस्तकच मागे घेतलं. तेव्हापासून मालकाचा हुकूम, हा खडा काढायचा नाही. पण चोर काय एक असतो? एकाचं दुसऱ्याने उचललं, दुसऱ्याचं तिसऱ्याने, आणि होता होता ओस्ताला बारा पुस्तकांत जाऊन बसलं. शेवटी मालकानेही फोन करणं सोडून दिलं.

घरी तर काय, त्याचंच राज्य. प्रजा म्हणजे बायको आणि एक मुलगी. संध्याकाळी जेवायला बसताना प्रत्येकीला एक प्रश्न. उत्तर आलं तर बसून जेवायचं, चुकलं तर ताट हातात घेऊन भिंतीशी उभं राहून. ही शिक्षा नाही बरं का, असं वर तोच समजावायचा, उभ्याने लक्षात चांगलं राहतं. लग्नानंतर पहिली दोन वर्षं बायकोने खरंच प्रयत्न केला. भाजी चिरता चिरता राजधान्या पाठ केल्या, कपडे वाळत घालताना नद्या. पण तिने नद्या पाठ केल्या की हा डोंगर विचारायचा. एक दिवस प्रश्न यायच्या आधीच तिने ताट उचललं आणि ओट्याशी जाऊन उभी राहिली. कोशबुवाला वाटलं, जिंकलो. पुढे पंचवीस वर्षं ती बाई उभ्यानेच जेवली, आणि पाहुणे आले की तो सांगायचा, हिची पाठ धरते, हिला बसवत नाही.

मुलगी जात्याच हट्टी. नऊ वर्षांची असताना तिने ठरवलं की आपण बसून जेवायचं. बापाचं पिवळं पुस्तक तिने दप्तरात लपवून नेलं, शाळेच्या सुट्टीत पायरीवर बसून घोकलं, आणि दोन महिन्यांत अख्खं तोंडपाठ केलं. त्यानंतर दोन आठवडे ती रोज बसून जेवली. कोशबुवा चक्रावला. मग त्याच्या ध्यानात आलं की पोरगी पुस्तकातून पाठ करतेय.

पोटच्या पोरीने आपलं पुस्तक घोकलं म्हणून दुसरा एखादा बाप हरखून गेला असता. याने वाट पाहिली. एका रविवारी मालक आणि छापखान्यातले दोघे जेवायला आले होते. ताटं वाढून झाली, सगळ्यांचं लक्ष आहेसं बघून याने पोरीला विचारलं, जगातलं सर्वांत लहान बंदर कोणतं? पोरगी हात मागे बांधून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, ओस्ताला, तिथे एका वेळी एकच होडी लागू शकते. होडीपर्यंत सगळं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि शाबासकीसाठी थांबली.

कोशबुवा हसला. चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतका हसला. मालकाला खडा माहीत होता, तोही पोट धरून हसला. बाकी दोघांना कशाला हसायचं ते कळलं नव्हतं, पण मालक हसतोय म्हटल्यावर तेही हसले. मग कोशबुवा पोरीला म्हणाला, चोरून वाचतेस काय, चोराच्या दाताखाली खडा यायचाच, उचल ताट. पाहुण्यांदेखत ती भिंतीशी उभी राहून जेवली. जेवली म्हणायचं, घास गिळले एवढंच.

आणि त्या दिवसापासून तिचं घरातलं नाव ओस्ताला पडलं. ओस्ताला, पाणी आण. ओस्ताला, दार उघड. परीक्षेत दोन मार्क कमी पडले की, आल्या ओस्तालाच्या महाराणी. शेजारच्या पोरांनी ते उचललं, मग शाळेत गेलं, पार कॉलेजपर्यंत ते तिच्या मागे गेलं. कोणाला त्याचा अर्थ माहीत नव्हता. घरात अर्थ माहीत असणारा एकच, आणि तो रोज हाक मारत होता.

पिवळ्या पुस्तकाला तिने पुन्हा हात लावला नाही. पण माहितीचा नाद काही सुटला नाही, उलट ईर्ष्या चढली. सार्वजनिक वाचनालयात बसून ती नकाशे वाचायची, ताऱ्यांची पुस्तकं वाचायची, एक गोष्ट दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय खरी धरायची नाही. ओस्ताला तर तिने दहा वेगवेगळ्या नकाशांत शोधलं होतं. घरी मात्र तोंडाला कुलूप. बापाने काहीही विचारलं तरी, माहीत नाही. उत्तर जिभेवर असायचं, तरी माहीत नाही. आणि ताट उचलून आईशेजारी जाऊन उभी राहायची. कोशबुवा पाहुण्यांना सांगायचा, कन्यारत्न अगदीच ढ निघालं, दिव्याखाली अंधार.

ती सव्वीस वर्षांची झाली तेव्हा शहरातल्या संग्रहालयात एक जागा निघाली. तिथल्या एका दालनात दोन मजले उंच पृथ्वीचा गोल आहे, येणाऱ्या लोकांना आणि शाळांच्या सहलींना त्याच्याभोवती फिरवून जगाची माहिती सांगायची. काम तिच्यासाठीच घडवल्यासारखं. पण त्याहून मोठी गोष्ट जाहिरातीच्या शेवटच्या ओळीत होती: संग्रहालयाच्या मागे राहायला दोन खोल्या मिळतील. ती ओळ तिने आईला गच्चीत, कपडे पिळताना, हळू आवाजात वाचून दाखवली. आईने पिळलेलं लुगडं पुन्हा बादलीत टाकलं आणि दुसऱ्यांदा वाचायला लावलं. त्याच दिवशी दोघींचं ठरलं. नोकरी लागली की तिकडे जायचं, दोघींनी. आईने एकच हट्ट धरला, खोलीत दुसरं काही नसलं तरी चालेल, एक जेवणाचं टेबल आणि दोन खुर्च्या पाहिजेत.

लेखी परीक्षेला साठ जण बसले, पोरगी पहिली आली. मुलाखतीला तिघांना बोलावलं. आणि इथे आईने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. संग्रहालयाचे प्रमुख पिवळ्या पुस्तकाचे भक्त आहेत हे तिला माहीत होतं, त्यांचं कौतुकाचं पत्र घरात काचेत लावलेलं होतं. ती म्हणाली, वडिलांना बरोबर ने, त्यांच्या शब्दाला तिथे वजन आहे. पोरीने साफ नाही म्हटलं. मग आई तिला म्हणाली ते शब्द असे.

"अगं, कसाही असला तरी बाप आहे. पोरीच्या वाटेत काटे नाही टाकणार."

आईच्या तोंडाकडे बघून पोरीने मान हलवली. कोशबुवाला नोकरीचं सांगितलं, खोल्यांचं सांगितलं नाही. तो लगेच तयार झाला, इस्त्रीचा शर्ट घातला. पोरीसाठी नव्हे हो, प्रमुखांसाठी.

संग्रहालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसलेला तो प्रमुखांना दिसला आणि ते धावतच आले. तुम्ही आणि बाहेर बसायचं म्हणजे काय, असं म्हणत हाताला धरून आत घेऊन गेले. मुलीची मुलाखत चालू असताना बापाने आत बसणं नियमात बसत नाही, पण तुम्हाला कसले नियम, असंही म्हणाले. टेबलाशेजारी खास खुर्ची ठेवली. टेबलापलीकडे भूगोलाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या आणि मार्क लिहायला एक कारकून. त्या दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात प्रमुख म्हणाले की अठरा वर्षं मी हे पुस्तक वापरतोय, एक चूक सापडलेली नाही. कोशबुवा नको नको म्हणत राहिला आणि आणखी ऐकण्यासाठी थांबला.

मग पोरगी आत आली. भूगोलाच्या बाईंनी विचारलं, शुक्रावरचा दिवस वर्षापेक्षा मोठा, हे दहा वर्षांच्या मुलाला कसं सांगाल? पोरगी म्हणाली, आधी त्याला विचारेन की दिवस म्हणजे तू काय धरतोस. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी घ्यायला आपले दोनशे त्रेचाळीस दिवस लागतात आणि सूर्याभोवती दोनशे पंचवीस, त्यामुळे फेरी वर्षापेक्षा मोठी हे खरं. पण तो उलटा फिरतो, म्हणून एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत एकशे सतराच दिवस जातात. मुलाच्या डोक्यात दिवस म्हणजे सूर्योदय असेल, तर शुक्राचा दिवस वर्षापेक्षा लहानच आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुढे झुकून ऐकू लागल्या. आणखी चार प्रश्न झाले, चारही तसेच गेले. बोलताना ती हाताने हवेत गोल काढत होती, कारकूनसुद्धा मान वर करून बघत होता.

आणि कोशबुवा? त्याला एकशे सतराचं माहीत नव्हतं. अठरा वर्षं तो दिवस मोठा, दिवस मोठा म्हणत लोकांना अडवत आला होता आणि पुढचं अर्धं त्याला ठाऊकच नव्हतं. घरात ताट घेऊन भिंतीशी उभी राहणारी पोरगी ते परक्यांना समजावून सांगत होती. त्याला बरं वाटायला हवं होतं. त्याला झोंबलं.

प्रमुख अगदी खुशीत आले होते. आता शेवटचा प्रश्न, ते म्हणाले, आणि हा सोपा, घरचाच, तुमच्या वडिलांच्या पुस्तकातला, म्हणजे माझ्याकडून भेटच समजा. मग त्यांनी विचारलं, जगातलं सर्वांत लहान बंदर कोणतं?

पोरीने आधी बापाकडे पाहिलं. समोरच्याला काय ऐकायचं आहे हे तिला पक्कं माहीत होतं. एक शब्द, आणि दोन खोल्या. तिने तो शब्द म्हणायचा प्रयत्न केला, हे खोटं कशाला सांगू. ओठ उघडले. पण सतरा वर्षं ज्या शब्दाने लोकांनी तिच्यावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, तो तिच्या तोंडातून येईना.

"असं बंदर नाहीये, सर," ती म्हणाली. "पुस्तकात ओस्ताला लिहिलंय. पण ते कुठल्याच नकाशात नाही. मी शोधलंय."

प्रमुखांच्या कपाळाला आठी पडली. भूगोलाच्या बाई अडखळत म्हणाल्या की खरं सांगायचं तर मलाही ते कधी नकाशात सापडलं नाही, मला वाटलं गाव लहान असेल म्हणून. पोरीची नोकरी बाईंच्या तेवढ्या एका वाक्यावर तोलली गेली होती. पण प्रमुख हसले. अहो, वाद कशाला, ते म्हणाले, पुस्तक लिहिणारेच इथे बसलेत की, त्यांनाच विचारू. आणि तिन्ही माना कोशबुवाकडे वळल्या. चौथी पोरीची होती.

त्याला फार काही करायचं नव्हतं. ती म्हणते ते खरं, एवढं म्हणायचं. तेही जड जात असेल तर, बघावं लागेल, एवढं म्हटलं असतं तरी बाईंनी पुढचं निभावलं असतं. पण एक चूक सापडलेली नाही हे वाक्य त्याच्या कानात अजून ताजं होतं, आणि ते एकशे सतरा दिवस खुपत होते.

"पुस्तकात आहे ते बरोबर आहे," कोशबुवा म्हणाला.

इथे थांबला असता तर घाबरला असं तरी म्हणता आलं असतं. पण जित्याची खोड. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि जिभेला सवय होती.

"हिचा अभ्यासच कच्चा," तो पुढे म्हणाला. "लहानपणापासून."

भूगोलाच्या बाईंनी मान खाली घातली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पोरगी उठली, खुर्ची होती तशी सरकवून ठेवली, आणि येते म्हणून निघून गेली. तिच्यानंतर आलेल्या तरुणाने ओस्ताला सांगितलं, एका होडीसकट. नोकरी त्याला मिळाली. खोल्याही त्यालाच मिळाल्या.

घरी येऊन पोरीने आईला चार वाक्यांत सगळं सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली ती अंधार पडेपर्यंत उठली नाही. मीच त्यांना न्यायला सांगितलं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. पोरीने तिला एकदाही दोष दिला नाही, पण समजूतही घातली नाही, कारण घालण्यासारखी समजूत नव्हती.

कोशबुवा भांडणाच्या तयारीने आला होता. धंद्याचं गुपित असतं, ते माझं नाही मालकाचं आहे, मी काय करणार होतो, असं सगळं जुळवून आणलं होतं. कोणी काही विचारलंच नाही. दोघी त्याला वाढायच्या, त्याचे कपडे धुवायच्या, आणि तो बोलायला लागला की दुसऱ्या खोलीत जायच्या. जेवताना प्रश्न विचारायला तोंड उघडलं तर समोर कोणी नसायचं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला, याची झोप उडाली. वाक्य एकच डोक्यात फिरायचं, लहानपणापासून, लहानपणापासून.

तिसऱ्या आठवड्यात तो मालकाकडे गेला, म्हणाला, खडा काढून टाकू. मालकाने त्याला खुळ्यात काढलं. बारा पुस्तकांत ओस्ताला आहे, आपल्या एकट्याच्या पुस्तकात नसलं तर लोक म्हणतील आपलंच चुकलं. राहू दे आहे तिथे.

मग एका दुपारी तो संग्रहालयात गेला. वरातीमागून घोडं, पण गेला. गोलाच्या दालनात शाळेची पोरं जमली होती आणि नवा तरुण त्यांना ओस्ताला दाखवत होता. दाखवत होता म्हणजे खरोखर दाखवत होता. पोरं रोज विचारतात कुठे आहे, कुठे आहे, म्हणून कोणीतरी निळ्या समुद्राच्या काठावर एक लाल टिकली चिकटवली होती. एक पोरगी टाचा उंचावून तिला हात लावायचा प्रयत्न करत होती.

प्रमुखांच्या खोलीत कोशबुवाने एका दमात सगळं सांगितलं. खडा म्हणजे काय, तेलाचा डबा, झिजलेली अक्षरं, सगळं. प्रमुखांनी आधी शिपायाला पाणी आणायला पाठवलं. मग कपाट उघडून एकेक पुस्तक टेबलावर मांडलं, सात पुस्तकं झाली, प्रत्येकात खूण घातलेली. ही सगळी खोटी का, त्यांनी विचारलं. सगळ्यांनी माझंच उचललंय, हा म्हणाला. प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. राग परवडला असता.

"मलाही मुलगी आहे, सर. मला समजतं," ते म्हणाले. "पण त्या दिवशी तुम्ही याच खोलीत बसून उलटं सांगितलंत. तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

"तेव्हा."

"मग खोटं बोलणाऱ्या माणसावर मी आज तरी का विश्वास ठेवू?"

कोशबुवाचा हात सवयीने चष्म्याकडे गेला, मग तो खुर्चीतून उठला. प्रमुखांनी पाठीवर हात ठेवून त्याला दारापर्यंत सोडलं, आजाऱ्याला सोडतात तसं, आणि पुस्तक मात्र फार सुंदर आहे तुमचं, असं म्हणाले.

तो घरी पोचला तेव्हा पोरगी बॅग घेऊन निघायच्या बेतात होती. दुसऱ्या गावी, बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीवर तिला काम मिळालं होतं. राहायला एक खोली, आणखी तीन मुलींबरोबर. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आत्ता बॅग बघून कळलं. तो दारातच उभा राहिला आणि घाईघाईने सांगू लागला की मी जाऊन आलो, सगळं खरं सांगून आलो, माझ्या नावाची पर्वा केली नाही, तुझ्यासाठी. शेवटचा शब्द त्याने दोनदा म्हटला.

"त्यांनी मानलं?" पोरीने विचारलं.

"नाही."

तिने बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"खरं सांगितलंत ते बरं केलंत, बाबा. पण माझ्यासाठी केलं म्हणू नका. तुम्हाला झोप लागत नव्हती, म्हणून केलंत."

कोशबुवाने बायकोकडे पाहिलं. तू तरी काही बोल, तो म्हणाला, पोरगी घर सोडून चाललीय. बायको चपला घालत होती. तिने दुसरी चप्पल घातली, पदर खोचला, आणि लग्न झाल्यापासून त्याच्याशी एका दमात इतकं ती पहिल्यांदाच बोलली.

"संग्रहालयाच्या मागे दोन खोल्या मिळणार होत्या. तिथे मीही जाणार होते तिच्याबरोबर, कायमची. आमचं ठरलं होतं. आता ती जातेय तिथे माझ्यासाठी जागा नाही. निदान तिला तरी जाऊ द्या. बाजूला व्हा, तिची गाडी चुकेल."

तो बाजूला झाला. दोघी जिना उतरून गेल्या, आणि तासाभराने त्याची बायको एकटी परत आली.